कोलोरॅडोच्या डोंगरांतील अनोळखी मदतनीसांचे आभार

कोलोरॅडोतील सॅन वान पर्वतरांगेत आमची सहकुटुंब सहल ज्यांच्यामुळे निभावली, त्यांची नावे विचारायचे राहून गेले; म्हणून हे जाहीर आभार.

सिल्व्हर्टनहून अ‍ॅनिमस फोर्क्सकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर आमची गाडी पंक्चर झाली, तेव्हा मागून जीपने येणाऱ्या वयस्क दांपत्याने चाकांना दगडांची उटी लावून, गंजलेले नट आपल्या लांब पान्याने सैल करून चाक बदलून दिले. सुमारे ११,२०० फुटांवरच्या त्या ओसाड खाणगावात सासूबाईंना धाप लागून डोके दुखू लागले. तिथल्या एका तरुणीने त्यांना बसवून पाणी दिले आणि आणखी वर न जाता खाली उतरण्याचा सल्ला दिला. त्यामुळे १२,६४० फुटांवरील सिनॅमन पास ही खिंड पाहायची राहिली, पण तिची हळहळ नाही.

पुढे पुसट होत गेलेल्या त्या वस्तीची कहाणी आम्हाला सांगितली ती एका हौशी गृहस्थांनी. १८९३ मध्ये चांदीचे भाव कोसळल्याने या डोंगरांतील खाणींचे कंबरडे कसे मोडले, हे ते तिथले जुने रहिवासी डंकन यांच्या घराच्या पुढे आलेल्या खिडकीपाशी उभे राहून तन्मयतेने सांगत होते. आणि मुले जुन्या बोगद्याकडे वळताच, आतील कुजलेले लाकूड व कोंदलेली हवा जिवावर बेतू शकते, असे त्यांनी ठणकावले. मुलांनी आमचे ऐकले नसते!

जीपवाल्या आजोबांचा पाना आमच्याच गाडीत राहिला होता. तो सिल्व्हर्टनच्या पर्यटक माहिती केंद्रात ठेवला आहे, कृपया घेऊन जावा.