बंद शेगडी वरून पेटवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात लाकूड जाळायच्या, काचेचे दार असलेल्या बंद शेगडीवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. शेगडी कोणती घ्यावी, काच केवढी असावी यावर त्यात रकानेच्या रकाने आहेत. पेटवण्याबद्दल मात्र एवढेच, की खाली कागद, त्यावर काटक्या, वर मोठी लाकडे रचून काडी लावावी. उघड्या चुलीला हे चालते. धुराडे असलेल्या लोखंडी शेगडीत मात्र याच रीतीने पहिली वीस मिनिटे नुसता धूर निघतो आणि बोल शेगडीला लागतो.

लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू सुटतात आणि ज्वाळा असते ती या वायूंची. हे वायू पेटण्याइतकी उष्णता मिळाली नाही, तर ते तसेच धुराड्यात जातात. धूर म्हणजे न जळलेले सरपणच. खालून पेटवले की जाळ वरच्या गार लाकडांवर आपटून मंदावतो, लाकडे धुमसू लागतात आणि त्यांच्या वायूंना वर पेटवायला काहीच नसते. वरून पेटवले तर खालच्या लाकडाचा वायू वरच्या जाळातूनच जातो आणि तिथेच जळतो. शिवाय जाळ उंचावर असल्याने धुराडे लवकर तापते.

रचना अशी करावी. तळाशी मनगटाएवढ्या जाडीची दोन-तीन फोडलेली लाकडे, मध्ये बोटभर फट ठेवून. त्यांवर दोन सेंटिमीटर जाडीच्या आठ-दहा ढलप्या, आडव्या-उभ्या थरांत. अगदी वर बारीक चिपाटे आणि त्यांत मेण व भुशाची पेटवायची एक वडी. रचना शेगडीच्या निम्म्या उंचीवर जाऊ देऊ नये. रॉकेल, पेट्रोल किंवा स्पिरिट कधीही ओतू नये. बंद पेटीत त्यांची वाफ साठते आणि काडी लावताच भडका तोंडावर येतो.

काडी लावण्याआधी धुराड्याची झडप आणि हवेच्या सगळ्या खिट्ट्या पूर्ण उघडाव्यात. मग पेटती काडी धुराड्याच्या तोंडाशी धरून पाहावी. ज्योत आत ओढली गेली तर ठीक. ती खोलीकडे झुकली, तर धुराड्यात गार, जड हवा अडून बसली आहे असे समजावे. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या धुराड्यांत हे हमखास होते. अशा वेळी कागदाची एक सैल गुंडाळी तोंडाजवळ जाळली की ओढ सुरू होते. तरीही धूर खोलीत येत असेल, तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करा आणि खिडकी थोडी उघडा. दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या घरात पंखा धुराड्यातूनच हवा खेचत असतो. बाहेर फारशी थंडी नसेल तेव्हाही ओढ कमी असते, कारण ती आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर चालते.

पेटवल्यावर शेगडीच्या माहितीपत्रकात मुभा असेल तर दार पहिली काही मिनिटे बोटभर किलकिले ठेवावे, पण तिथून हलू नये. पंधरा-वीस मिनिटांत ढलप्यांचे निखारे होतात आणि खालची लाकडे धरतात. त्यानंतर खालची हवा हळूहळू कमी करावी, काचेवरून येणारी वरची हवा चालू ठेवावी. सगळ्यांची घाई होते ती इथे. ज्वाळा मलूल, काळपट नारिंगी झाली किंवा काच काजळू लागली, तर हवा लवकर आवळली गेली आहे. ती पुन्हा उघडा. खात्री करायची तर बाहेर जाऊन धुराड्याच्या टोकाकडे पाहावे. शेगडी तापल्यावर तिथे धूर जवळपास दिसता कामा नये.

एवढे करूनही काच काळीच होत असेल, तर लाकूड ओले आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. जाळण्याजोग्या लाकडात ओल 20 टक्क्यांच्या आत हवी आणि त्यासाठी ते फोडून, वरून झाकून पण बाजूंनी मोकळे ठेवून वर्ष-दोन वर्षे वाळवावे लागते. ओलमापक असेल तर त्याच्या सुया नव्याने फोडलेल्या आतल्या बाजूला टोचाव्यात, सालीला नाही. तो नसेल तर दोन लाकडे एकमेकांवर आपटा: वाळलेली खणखणतात, ओल्यांचा बद्द आवाज येतो. रंगवलेले लाकूड आणि प्लायवूड मुळीच जाळू नये.

रात्रभर पुरावे म्हणून शेगडी भरून हवा बंद करण्याची सवय सगळ्यात वाईट. धुमसणाऱ्या लाकडाचा धूर गार धुराड्यात थिजून डांबरासारखा थर धरतो. तो थर पेटला, तर आग छपरापर्यंत जाते. धुराडे वर्षातून एकदा तरी साफ करून घ्यावे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याचा इशारा देणारे यंत्र शेगडीच्या खोलीत हवेच. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही, हे खटकले.

राहता राहिली राख. ती रोज खरवडून काढू नये, लाकूड दोन-तीन सेंटिमीटर राखेच्या थरावर चांगले जळते. जादा राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून तो डबा घराबाहेर, दगडावर किंवा फरशीवर ठेवावा. तिच्यातले निखारे दोन-तीन दिवससुद्धा धगधगत राहू शकतात, त्यामुळे प्लॅस्टिकची बादली किंवा कचऱ्याची पिशवी चालणार नाही.

पेटवण्याची ही रीत पुरवणीच्या पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
शेगड्या बसवणारा एक कारागीर