ओव्या यूट्यूबवर टाकण्याआधी

ऑकलंड

ती. मामांस सा. न. वि. वि.

वाडीतल्या म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचा तुमचा बेत कळला. रेकॉर्डिंग लवकर करा, पण टाकायची घाई नको.

इथे न्यूझीलंडच्या उत्तरेकडे काईताइया गावात 'ते हिकू मीडिया' नावाचं माओरींचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, रेडिओ केंद्र आहे. 2018 साली त्यांनी लोकांकडून माओरी वाक्यं वाचून घेतली आणि दहा दिवसांत 300 तासांहून जास्त आवाज जमवला. बोललेलं ओळखून लिहिणारं यंत्रही त्यांनी स्वतःच घडवलं. हा साठा मात्र ते बाहेरच्यांना विकत नाहीत. साठा कुणी कसा वापरायचा हे ठरवणाऱ्या त्यांच्या परवान्याचं नाव काइतियाकितांगा, म्हणजे राखणदारी. आपल्या कोकणातला राखणदार गावाचा मालक नसतो, तसंच.

माणसाची खासगी माहिती जपणाऱ्या युरोपच्या जीडीपीआर कायद्याचं संरक्षण जिवंत माणसापुरतंच आहे. माणूस गेला की तो लागू होत नाही. माओरी विचारात गेलेल्या आजीचा आवाज तिच्या कुळाकडे राहतो. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकच्या वारुमुंगू या मूळ रहिवासी लोकांसाठी मुकुर्तू नावाचं सॉफ्टवेअर बनलं. कोणती नोंद कुणी पाहायची, हे त्यात समाजाच्या रिवाजाप्रमाणे ठरवता येतं. काही गोष्टी फक्त बायकांच्या, काही फक्त त्या घराण्याच्या.

ओव्यांचंही तसंच नाही का? पहाटे जात्यापाशी बायकांनी बायकांत गायलेलं ते. त्यात सासूचा जाच येतो, कधी नावानिशी, आणि त्या सासूचे नातू आज शेजारच्याच घरात राहतात. म्हणून परवानगी तुम्ही मागू नका, मामीला मागू दे. पुरुषासमोर बाई नुसती "टाका की" म्हणेल.

रेकॉर्डिंग वॅव्ह फाइलमध्ये करा, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो. मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा लागते. माइक तोंडापासून वीतभर, जात्याच्या उलट बाजूला. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्ये आवाज दाबला जातो, तेव्हा फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ प्रत दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत.

परवानगी कागदावर अंगठा उठवून नको. आधी रेकॉर्ड केलेलं त्यांना ऐकवा, मग विचारा, आणि उत्तरही रेकॉर्ड करा: घरापुरतं, वाडीपुरतं की सगळ्यांना? प्रत्येक ओवीला वेगळं विचारायचं. आपल्यामागे कुणी ठरवायचं, तेही नाव त्यांच्याच तोंडून घ्या. हे सगळं एका तक्त्यात फाइलच्या नावासमोर लिहा. ओवीत दुसऱ्या कुणाचं नाव असेल तर त्या घरीही विचारा.

"फुकट आहे, म्हणजे पुण्यच" म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, म्हणजे कुणीही प्रत घेऊन वापरावी अशी आगाऊ मोकळीक, लावू नका. तो एकदा दिला की ज्यांनी प्रत घेतली त्यांच्याकडून मागे घेता येत नाही. यूट्यूबवरून व्हिडिओ काढलात तरी कुणी उतरवून घेतलेली प्रत परत येत नाही. ओपनएआय कंपनीच्या व्हिस्पर या, बोललेलं ऐकून लिहिणाऱ्या प्रणालीला नेटवरच्या 6,80,000 तासांच्या आवाजावर शिकवलं, त्यात माओरी भाषाही होती. राखणदारीचा परवानासुद्धा अशी उचलाउचल थांबवू शकत नाही, म्हणून 'ते हिकू'वाले साठा आपल्याच ताब्यात ठेवतात. तुम्हीही "सगळ्यांना" म्हटलेल्या ओव्यांपासूनच सुरुवात करा, त्याही थोड्याच.

तक्त्याचा नमुना वेगळा पाठवतो. "बायकांपुरतं" असा चौथा रकाना हवा का, ते मामीला विचारून कळवा. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा