चासी नंबर चिखलाखाली आहे, साहेब! कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: मिनी ट्रॅक्टरचे रखडलेले अनुदान व जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीबाबत

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्यामागे राज्यभराचा व्याप आहे, याची जाणीव आहे. त्यामुळे ख्यालीखुशाली न विचारता मुद्द्यावर येतो. गेल्या आठवड्यात माझ्या पुतण्याच्या मोबाइलवर मेसेज आला. अनुदानाचा अर्ज परत पाठवला आहे, कारण फोटोत यंत्राचा चासी नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला नंबर, स्पष्ट दिसत नाही. यंत्र म्हणजे चोवीस एचपीचा फोर व्हील मिनी ट्रॅक्टर, 2025 च्या जूनमध्ये घेतलेला. तपासणीला कृषी खात्याचे साहेब जुलैत आले तेव्हा चिखलणी, म्हणजे लावणीआधी खाचरात चिखल करायचं काम, चालू होती, म्हणून फोटोही खाचरातच निघाला. नंबरावर चिखल होता, हे खरं. शेतीचं यंत्र शेतात सापडलं, हा आमचा अपराध असेल तर तो कबूल आहे. शोरूममध्ये उभं ठेवलं असतं तर नंबर लख्ख दिसला असता.

बरं, साहेबांनी तो नंबर तिथेच बोटाने पुसून वाचला होता, वहीत उतरवून घेतला होता. ती वही आणि तुमचं पोर्टल यांची आपसात ओळख नसावी. आता धुऊन, नंबरावर खडू फिरवून नवा फोटो काढलाय, तर पोर्टल म्हणतं फाइल मोठी आहे. पुतण्या ती लहान करतो, मग नंबर पुन्हा दिसत नाही.

अनुदान सव्वा लाख रुपये. आपल्या खात्यात ही रक्कम कुठे मोजतही नसतील. पण कर्जाला जामीनदार मी आहे. फायनान्स कंपनीचा पोरगा पुतण्याला नाही, मला फोन करतो. "काका, तुमची सही आहे ना?" असं अगदी गोड आवाजात विचारतो. डिसेंबरचा हप्ता भरला तो बायकोला लागलेल्या भिशीतून. त्या पैशातून तिच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं. ते आता पुढच्या भिशीवर.

आमचा भाग काळू आणि उल्हास नद्यांच्या मधला, ठाणे जिल्ह्यातला. मुंबईतल्या लोकांना ठाणे जिल्ह्यात भात होतो हे सांगितलं की हसू येतं. पण होतो. तीन-चार गुंठ्यांची खाचरं, एकाखाली एक, मध्ये हातभर रुंदीचे बांध. पुतण्याकडे अडीच एकर, माझ्याकडे त्याहून थोडं कमी. माझ्याकडे पॉवर टिलर आहे, मागे चालत हाताने धरायचा, 2004 सालचा. सोसायटीचं कर्ज काढून घेतला होता, 2010 मध्ये फिटला. बेबाक दाखला मिळाला, सातबाऱ्यावरचा बोजा उतरला, त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली होती. तेव्हापासून तो टिलर डिझेल आणि ऑइल सोडून माझ्याकडे काही मागत नाही. दर दोन-तीन वर्षांनी पट्टे, कधी नोझल, कधी ऑइल सील. हँडल मारून चालू करावा लागतो आणि थंडीत दंड भरून येतात, हे मान्य. दुपारपर्यंत टाकीतलं पाणी उकळायला लागतं, मग डबा घेऊन ओतत राहायचं.

पुतण्याचा ट्रॅक्टर किल्लीने चालू होतो. समोर काचेत आकडे दिसतात, मोबाइलवर तो कुठे आहे ते कळतं. आणि गेल्या जुलैत तो कुठे होता ते मोबाइलशिवायही सगळ्या गावाला कळत होतं. खालच्या खाचरात, मधोमध, मुका होऊन. क्लचपाशी एक छोटा स्विच असतो. पाय दाबला आहे अशी त्याची खात्री पटल्याशिवाय स्टार्टरला करंट जात नाही. त्या स्विचमध्ये गढूळ पाणी शिरलं. आमचा मिस्तरी म्हणाला, दोन वायरी जोडतो, पाच मिनिटांचं काम आहे. पुतण्याने सर्व्हिस सेंटरला फोन लावला तर उत्तर आलं, हात लावलात तर वॉरंटी जाईल, माणूस पाठवतो. माणूस येईपर्यंत पाऊस उघडला, खाचरातलं पाणी आटलं, आवण, म्हणजे लावणीची रोपं, वाढत राहिलं. वय झालेलं आवण लावलं की फुटवे कमी येतात, हे आपल्या खात्याच्याच पत्रकात छापलेलं असतं. शेवटी त्याची सगळी चिखलणी माझ्या टिलरने केली. नवा ट्रॅक्टर टनभर वजनाचा, रुतला की दुसरा ट्रॅक्टर आणून ओढायचा. टिलर त्याच्या निम्म्याहून हलका, चार माणसं लागली की बाहेर. खाचराच्या कोपऱ्यात तो जागच्या जागी वळतो. ट्रॅक्टर वळवायचा तर बांध फुटतो, आणि बांध फुटला की भाऊबंदकी सुरू होते, ती वेगळीच.

मी नव्या यंत्रांचा दुष्मन नाही. भातकापणीचा रिपर आमच्याकडे आला तेव्हा सगळ्यात आधी मीच भाड्याने बोलावला. माणूस मिळत नाही. जी पोरं विळा धरायची ती भिवंडीच्या गोदामांत खोके उचलतात, आणि त्यांनी का उचलू नयेत? आमच्याकडे महिन्याला पगार कोण देतो? मळणी यंत्रालाही नावं ठेवणार नाही. पण कोणत्या खाचरात कुठलं यंत्र चालेल हे विचारायला पोर्टलवर रकाना नाही. तिथे फक्त यादी आहे. यादीत निवडा, शेतकरी ओळख क्रमांक टाका, पूर्वसंमती आली की मुदतीत खरेदी करा, बिल चढवा, आणि मग बसा. पूर्ण पैसे आधी आम्ही मोजायचे, तुम्ही तुमचा वाटा मागाहून देणार. त्या मुदतीच्या घाईत जूनमध्ये खरेदी झाली. साडेपाच लाख किंमत, त्यावर 12 टक्के जीएसटी, 66 हजार. तीन महिने गेले, 22 सप्टेंबरला ट्रॅक्टरवरचा जीएसटी 5 टक्के झाला. म्हणजे तोच ट्रॅक्टर साडेअडतीस हजारांनी स्वस्त. टीव्हीवर शेतकऱ्यांना दिवाळीची भेट म्हणून सांगत होते. आमची दिवाळी जूनमध्येच होऊन गेली होती.

आता हिशेब सांगतो. आकडे माझ्या वहीतले आहेत, तुमच्या अधिकाऱ्यांकडून तपासून घ्या. सहामाही हप्ता 64 हजार, वर्षाचे 1,28,000. अडीच एकरात एकरी बारा क्विंटल धरलं, आणि बारा म्हणजे चांगलं वर्ष, तर तीस क्विंटल भात. 2025-26 चा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. झाले 71,070. यातून खत, मजुरी, डिझेल काहीही वजा केलेलं नाही. सगळं भात विकून आणि घरात एक दाणा न शिजवता हप्त्याला 57 हजार कमी पडतात. डीलरकडचा पोरगा म्हणाला, भाड्याने चालवा, सुटतं. भाड्याने चालवायचा तर गावात आता असेच आणखी दोन ट्रॅक्टर आहेत, अनुदानाच्याच आशेवर घेतलेले. तिघं एकमेकांचा दर पाडतात. आणि गेलं वर्ष चांगलं नव्हतंच. ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस आला आणि कापलेलं भात खाचरात पडून भिजलं. काही दाण्यांना मोड आले.

माझ्या टिलरचं इंजिन आता थकलंय. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग धरून मिस्तरी अठरा हजार सांगतो. एवढं केलं की आणखी दहा वर्षं बघायला नको. यासाठी काही योजना आहे का, म्हणून चौकशी केली. नाही. नवं घ्यायचं असेल तर सव्वा लाख, जुनं चालू ठेवायचं असेल तर शून्य. तुमचाच नियम आहे की एकदा लाभ घेतला की त्याच घटकासाठी दहा वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणजे यंत्र दहा वर्षं चाललं पाहिजे हे सरकारला मान्य आहे, फक्त ते कसं चालवायचं हे शेतकऱ्याने आणि देवाने बघायचं. त्या एका सव्वा लाखात आमच्या गावातली सहा इंजिनं उघडून नवी झाली असती. निम्माच खर्च दिलात तर तेरा. पण इंजिन उघडण्याच्या कार्यक्रमाला कोण पाहुणा येणार? किल्लीची प्रतिकृती हातात देऊन फोटो काढता येतो, पिस्टन रिंग हातात देऊन येत नाही.

जुन्या यंत्राची आठवण सरकारला येतच नाही असं नाही. शेजाऱ्याकडे 2007 सालचा ट्रॅक्टर आहे. त्याला नवी नंबरपाटी लावा म्हणून फर्मान निघालं, 450 रुपये आणि वर जीएसटी. पंधरा वर्षं झाली तेव्हा पुनर्नोंदणीची फी घेतली होतीच. घ्यायचं असलं की जुनं यंत्र बरोबर सापडतं.

आणि पैसा नाही म्हणून सांगू नका. महिलांच्या 15,000 बचत गटांना ड्रोन द्यायला दिल्लीने 1,261 कोटी ठेवले. द्या, आमच्या लेकीबाळी उडवतील, कौतुकच आहे. पण तीन गुंठ्यांच्या खाचरावर, बांधाला सागाची आणि आंब्याची झाडं असताना तो कसा फिरवायचा, हे ज्याने ठरवलं त्याला एकदा आमच्याकडे पाठवा. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर, पंचावन्न हजार कोटींच्या पुढे. जूनमध्ये, आमचा ट्रॅक्टर घरी आला त्याच महिन्यात, त्याचा शेवटचा टप्पा भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाला. आमच्याच जिल्ह्यातल्या शहापुरातून नागपूर आठ तासांवर आलं म्हणतात. शहापुरातून शहापुरातल्याच पाड्यावर पाण्याचा टँकर पोचायला किती वेळ लागतो, हेही एकदा जाहीर करा. भातसा धरण तिथे, तानसा धरण तिथे, मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसातून जातं, आणि धरणाच्या बाजूच्या बाया मे महिन्यात हंडा घेऊन टँकरची वाट बघतात. एक पीक घेऊन आम्ही मोकळे, कारण दुसऱ्या पिकाला पाणी नाही. एका पिकावर वर्षाला दोन हप्ते कसे निघायचे? तुम्हीच सांगा, तुमच्याकडे सल्लागार आहेत. आमच्याकडे सल्ला द्यायला फक्त जमिनीचे दलाल येतात. ते म्हणतात, काका, विकून टाका, कशाला चिखलात हात घालता. कधीकधी वाटतं सगळ्यांचं मिळून हेच ठरलेलं आहे. आधी यंत्र गळ्यात मारायचं, मग हप्ता थकवायचा, मग सातबारा.

गेल्या वर्षी कृषी सहायकांचं पदनाम बदलून सहाय्यक कृषी अधिकारी केलंत. चांगलं केलंत, माणसाला मान मिळाला. आता त्या अधिकाऱ्याने शेतात उभं राहून, डोळ्यांनी नंबर वाचून सही केली असेल तर ती सही फोटोपेक्षा मोठी धरा, एवढं एक परिपत्रक काढा. दुरुस्तीसाठी निम्मं अनुदान सुरू करा, बिल मिस्तरीचं चालू द्या, त्याच्याकडे जीएसटी नंबर नसतो. आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टरचा ट्रेड आहे, त्या पोरांना कोकणात चालणारा टिलर एकदा खोलून दाखवा, म्हणजे आमचा मिस्तरी सत्तरीत तरी सुटेल. आणि ज्या घरात कर्ज फिटलेलं चालू यंत्र आहे त्या घराला नवं घ्यायच्या आधी कुणीतरी सांगा की बाबा, घाई नाही. पूर्वसंमतीची मुदत दोन हंगामांची करा. पहिल्या हंगामात भाड्याने चालवून बघू द्या.

हे सगळं होईल तेव्हा होईल. आमचे सव्वा लाख मात्र या हंगामाच्या आधी हवेत. पुढचा हप्ता जूनमध्ये आहे. तोवर जमा झाले नाहीत तर फायनान्सच्या त्या गोड आवाजाच्या पोराला मी मंत्रालयातला आपल्या दालनाचा पत्ता देणार आहे. तो दर सोमवारी फोन करतो, सकाळी दहाच्या आत.

आपला,
एक भातशेतकरी व जामीनदार
जिल्हा ठाणे