चित्र हातावेगळं करायला लावणाऱ्या फ्रेमवाल्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

चौकटीचे पैसे तुम्ही चोख घेता. चित्र पुरं झालंय हे पटवून ते आमच्या घराबाहेर काढण्याचं बिल मात्र कधी लावत नाही, म्हणून हे पत्र. एकट्याने काम करणाऱ्या चित्रकाराला ना गॅलरीचा तगादा असतो, ना कुणी दिलेली तारीख. चित्र इझलवर राहतं आणि हात शिवशिवत राहतो.

तुम्ही चित्र आधी खिडकीपाशी तिरकं धरता. तैलचित्रात खालचा थर वरच्या रंगातलं तेल पितो. तिथे रंग बसतो आणि गडद भाग राखाडी, निस्तेज दिसतो. अंबरसारख्या मातकट रंगांत हे जास्त. चित्रकाराला वाटतं, इथे काम अपुरं राहिलंय. मग तो त्यावर आणखी गडद चढवतो, तेही बसतं, आणि चांगलं चित्र चिखल होतं. रंग हाताला कोरडा लागल्यावर रिटच वार्निशचा (शेवटच्या वार्निशआधी तात्पुरतं लावायचं पातळ वार्निश) अगदी पातळ हात दिला की रंगाची खोली परत येते आणि बऱ्याचशा ‘दुरुस्त्या’ आपोआप रद्द होतात. आमच्या मते तुमच्याकडून मिळालेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट. जी दुरुस्ती खरोखरच उरते, तिचा रंग खालच्या थराहून तेलकट हवा. टर्पेंटाइनने पातळ केलेला थर वर आला तर तो आधी सुकून कडक होतो, खालचा अजून हलत असतो, आणि भेगा पडतात.

चित्र नजरेआड करायला भिंतीकडे तोंड करून ठेवणं ठीक, पण महिनोन्महिने नव्हे. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. (उजेडात ठेवलं की बरंचसं उतरतं, तेवढी सोय आहे.) शेवटच्या वार्निशला साधारण सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं, पण तेवढ्यासाठी चित्र अडवून ठेवायचं नाही. पावतीवर ‘वार्निश बाकी’ लिहायचं आणि द्यायचं.

कागदावरच्या कामात तर तुमचा धाकच हवा. काच चढवण्याआधी फोटो. आम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा. चित्र फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि स्टार्चच्या खळीने टांगलेलं. चारी बाजू चिकटवल्या तर दमट हवेत कागद फुगतो आणि त्याला पसरायला जागा न मिळाल्याने लाटा येतात. सेलोटेपचा डिंक कालांतराने तपकिरी होऊन कागदात उतरतो. काच चित्राला टेकू द्यायची नाही, नाहीतर पावसाळ्यात आत धरलेल्या ओलीने बुरशी येते. कोकणात जाणाऱ्या फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे तुम्ही न सांगता लावता. भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळती राहते.

बांधणीत घाई केली की चित्र पोचतं, पण डाग घेऊन. रंगाला आधी ग्लासीन हा गुळगुळीत, न चिकटणारा कागद, मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला; आत ठेवले तर उन्हात तापलेल्या टेम्पोत मऊ पडलेल्या ॲक्रिलिकवर गोल ठसे उठतात. काचेवर मास्किंग टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या, म्हणजे फुटली तरी तुकडे कागदावर पडत नाहीत. कोपऱ्यांना पुठ्ठा. गुंडाळायचंच असेल तर रुंद नळीवर, रंग बाहेरच्या बाजूला. जाड थरांचं चित्र गुंडाळायचंच नाही.

आणि पावती. चित्र विकलं म्हणजे त्यावरचा कॉपीराइट विकला असं होत नाही. १९५७च्या कायद्याप्रमाणे तो लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातो. मात्र पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्रात, वेगळं ठरलं नसेल तर, पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून ऑर्डर घेतानाच दोन ओळी लिहून घ्यायच्या. कलम ५७ चित्रकाराला नावाचा हक्क देतं आणि चित्राची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला बाधा आणली तर दाद मागू देतं. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या, विज्ञान भवनातून काढताना मोडतोड झालेल्या भित्तिशिल्पाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली पाच लाखांची भरपाई दिली आणि अवशेष त्यांना परत करायला सांगितले. पण त्याच कलमात हेही आहे की चित्र लावलंच नाही, किंवा कलाकाराच्या मनासारखं लावलं नाही, तर तो हक्कभंग नाही. जिन्याखाली लावलंय? लावू द्या. कुठे लावलं म्हणून गिऱ्हाइकाला फोन करू नका, असं तुम्ही बजावता ते कायद्यालाही धरून आहे.

या सगळ्याबद्दल मनापासून आभार. फ्रेम न्यायला येणाऱ्याला रंगाची पेटी दुकानाबाहेर ठेवायला लावता, तेवढा नियम सैल करू नका. अगदी एकच ठिपका द्यायचाय म्हणून कुणी गयावया केली तरी.

आपले,
तुमच्या दुकानाच्या पायरीवर रेंगाळणारे चित्रकार