घाटातल्या कोंडीत ऑटोमॅटिक गाडी ब्रेकवरच उभी करावी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की मुंबई-गोवा महामार्गावर गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांची रीघ लागते, आणि चिपळूण परिसरात गॅरेज चालवणाऱ्या माझ्यासारख्याकडे त्या दिवसांत एक तक्रार हमखास येते. घाटातल्या कोंडीत ऑटोमॅटिक गाडीने गिअरबॉक्स तापल्याचा इशारा दिला, पुढे पिकअप गेला, गाडी झटके मारू लागली आणि आता ‘डी’मध्ये टाकली तरी जागची हलत नाही. मालक साहजिकच कंपनीला दोष देतात. काही वेळा तो दोष खराही असतो. परंतु माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा कारण सापडते ते चढावर गाडी उभी ठेवण्याच्या एका सवयीत, आणि ती सवय बदलायला एक पैसाही लागत नाही. सण तोंडावर असताना ही गोष्ट आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावी, एवढ्यासाठी हे पत्र.

परशुराम घाटात किंवा भोस्ते घाटात रांग थांबली, की अनेक चालक ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून ठेवतात, जेणेकरून गाडी मागेही घसरत नाही आणि पुढच्या गाडीवरही जात नाही. हाताने गिअर बदलायच्या गाडीत हेच हाफ क्लचवर केले, तर थोड्याच वेळात जळका वास येतो आणि चालक सावध होतो. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचे पेडल नसल्यामुळे आत झिजण्या-जळण्यासारखे काही नाही, असा समज झालेला दिसतो. प्रत्यक्षात चाके फिरत नसताना इंजिन जेवढी शक्ती मागे पाठवते, तेवढी सगळीच्या सगळी उष्णतेत बदलते, कारण तिला खर्च व्हायला दुसरी वाटच उरलेली नसते.

ही उष्णता नेमकी कुठे साठते, हे गाडीच्या प्रकारावर अवलंबून असते. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलेली एएमटी पद्धत पाहिली, तर तिच्यातला क्लच अगदी साध्या गाडीसारखा कोरडाच असतो; फरक एवढाच, की तो आपल्या पायाऐवजी एक यंत्रणा दाबते. ड्युअल क्लचच्या, म्हणजे आळीपाळीने काम करणारे दोन क्लच असलेल्या, काही गाड्यांतही क्लच कोरडेच असतात आणि त्यांना थंड करायला भोवतालच्या हवेपलीकडे काही नसते. अशा गाड्या चढावर अ‍ॅक्सिलरेटरने तोलून धरणे म्हणजे क्लचप्लेट जाणूनबुजून घासत ठेवणे होय. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत क्लचच्या जागी ऑईल काम करते. इंजिनाकडचे पाते ऑईल फेकते आणि त्याच्या जोराने समोरचे पाते फिरते. मोकळ्या रस्त्यावर, पुरेसा वेग आला की ही दोन्ही बाजूंची पाती आतल्या लॉकने एकमेकांना जोडली जातात आणि उष्णता कमी होते. पण घाटात कूर्मगतीने सरकताना तो लॉक बसत नाही, आणि ऑईल सतत घुसळले जाऊन तापत राहते. सीव्हीटीमध्ये ठराविक गिअरांऐवजी पट्टा आणि पुली असतात आणि त्यांची पकड त्याच ऑईलच्या दाबावर टिकून असते, त्यामुळे ते तापून पातळ झाले तर त्रास तिथेही होतोच, म्हणूनच गाडीचा संगणक अशा वेळी आपणहून शक्ती कमी करतो. चालकाला मात्र तो इंजिनाचा बिघाड वाटतो आणि तो अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबतो.

गिअरबॉक्सचे ऑईल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस तापमानात आपले काम नीट करते. तापमान १२० अंशांच्या पुढे जाऊन तिथेच राहिले, तर ऑईलमधली रसायने झपाट्याने खराब होतात, आतल्या भागांवर चिकट थर बसतो, रबरी सील कडक होतात आणि गिअर बदलणाऱ्या आतल्या क्लचप्लेट घसरू लागतात. प्लेट घसरल्या की आणखी उष्णता, आणि त्या उष्णतेने आणखी घसरण. कारागिरांमध्ये एक ठोकताळा सांगितला जातो, की तापमान दर १० अंशांनी वाढत गेले तर ऑईलचे आयुष्य प्रत्येक टप्प्यावर जवळजवळ निम्मे होत जाते. लालसर, स्वच्छ असणारे ऑईल तपकिरी-काळे होऊन त्याला करपलेला वास आला, म्हणजे ही मालिका सुरू झाली आहे असे खुशाल समजावे.

तेव्हा कोंडीत काय करावे? रांग थांबली की ब्रेक दाबून गाडी ब्रेकवरच उभी करावी. हिल होल्डची सोय असली, तरी बहुतेक गाड्यांत ती दोन-तीन सेकंदांपुरतीच असते. ती गाडी चालू करताना मागे घसरू नये यासाठी आहे, थांबून राहण्यासाठी नव्हे. रांग बराच वेळ हलणार नाही असे दिसले, तर ब्रेक दाबलेला ठेवून आधी हँडब्रेक ओढावा आणि मग ‘पी’मध्ये, म्हणजे पार्किंगमध्ये (बहुतेक एएमटीत ‘पी’ नसते, तिथे न्यूट्रलमध्ये) टाकावे, म्हणजे गाडीचा भार गिअरबॉक्समधल्या खिळीवर पडत नाही. पुढची गाडी हातभर सरकली म्हणून आपणही हातभर सरकू नये. एक-दीड गाडीएवढी जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग ती एका दमात, क्लच पूर्ण बसेल अशा बेताने पार करावी. मागचे लोक हॉर्न वाजवतील, मध्ये एखादी दुचाकीही घुसेल. तरीही एएमटी आणि ड्युअल क्लचच्या मालकांनी हा संयम ठेवावाच, कारण सततच्या त्या इंचाइंचाच्या सरकण्यानेच क्लच सर्वांत जास्त भाजतो.

चालत्या घाटाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. कुंभार्ली किंवा आंबा घाट भरल्या गाडीने चढताना, विशेषतः मे महिन्यात पाच माणसे आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असताना, गिअर सारखा वर-खाली होऊ देऊ नये. मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ असेल तर खालचा गिअर धरून ठेवावा. इंजिनाचा आवाज वाढतो, पण त्याने बिचकण्याचे कारण नाही. वेगाने फिरणारे इंजिन गिअरबॉक्सला सोसते, घसरणारा क्लच सोसत नाही.

गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आलाच, तर जवळच्या सुरक्षित जागी थांबून, हँडब्रेक ओढून ‘पी’ किंवा न्यूट्रलमध्ये टाकावे. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीच्या गाडीत, इंजिनाचे स्वतःचे तापमान ठीक असेल तर, इंजिन लगेच बंद न करता आयडलवर चालू ठेवणे हिताचे असते. ऑईलचा पंप इंजिनावरच फिरतो. इंजिन बंद केले की कूलरकडे जाणारे ऑईल थांबते आणि सगळी उष्णता आतच कोंडते. कोरड्या क्लचला मात्र वेळ देणे एवढाच उपाय आहे. आपल्या गाडीच्या पुस्तकात याहून वेगळी सूचना असेल तर तीच पाळावी, आणि इशारा विझला म्हणून लगेच पुन्हा जोरात चढ घेऊ नये.

आता ऑईल बदलण्याविषयी. गिअरबॉक्सचे ऑईल ‘लाइफटाइम’ आहे, ते कधीच बदलावे लागत नाही, असे काही शोरूममधून ठामपणे सांगितले जाते आणि ग्राहक निर्धास्त होतो. मला हे मान्य नाही. अनेक गाड्यांच्या पुस्तकांतच डोंगराळ रस्ते, सततची कोंडी, धूळ आणि जड ओझे यांना खडतर वापर म्हटलेले असते आणि त्यासाठी ऑईल तपासण्याची किंवा बदलण्याची मुदत कमी करून दिलेली असते. कोकणातल्या गाडीला यातले सगळेच लागू पडते. साधारण ४० ते ६० हजार किलोमीटरदरम्यान ऑईल बदललेल्या गाड्या नीट चालताना मी पाहिल्या आहेत, आणि ते कधीच न बदललेल्या गाड्यांचे गिअरबॉक्स उघडण्याचे कामही केले आहे. त्या दोन खर्चांची तुलनाच होऊ शकत नाही. ऑईल मात्र कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच हवे. सीव्हीटीमध्ये साधे ऑटोमॅटिकचे ऑईल ओतले, तर पट्ट्याची पकडच बिघडते.

पुष्कळ गाड्यांत हे ऑईल रेडिएटरमधल्या किंवा त्याच्या शेजारच्या कूलरमधून थंड होऊन येते. आपली तांबडी माती, गवताचे बी आणि किडे त्याच्या जाळीत अडकतात, किनाऱ्यालगत खारी हवा ती जाळी खाते. पावसाळ्यानंतर एकदा हलक्या पाण्याने ती धुऊन घ्यावी. जोराच्या फवाऱ्याने जाळीची पातळ पाती वाकतात.

शेवटचा मुद्दा टोचनाचा. घाटात बंद पडलेली गाडी दोर बांधून टोचन करून खाली आणायची आपल्याकडे पद्धत आहे. ऑटोमॅटिक गाडीची इंजिनावर फिरणारी चाके रस्त्यावर फिरती ठेवून इंजिन बंद असताना तिला लांबवर ओढत नेले, तर पंप बंद असल्यामुळे गिअरबॉक्समधले भाग ऑईलवाचून फिरतात, आणि जो बिघाड कदाचित फक्त तापण्यापुरता होता तो पूर्ण गिअरबॉक्स बदलण्यावर जातो. ती चाके अधांतरी ठेवून किंवा अख्खी गाडी सरळ फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवूनच ती हलवली पाहिजे. गणेशोत्सवात महामार्गावर प्रशासन सुविधा केंद्रे उभारते, क्रेनही ठेवते, ही फार चांगली गोष्ट आहे. त्या क्रेनच्या जोडीला घाटांच्या पायथ्याशी निदान एकेक फ्लॅटबेड गाडी ठेवावी, आणि चढावर जिथे रस्ता रुंद आहे तिथे तापलेली गाडी बाजूला घेण्यापुरती जागा आखून तसा मराठी फलक लावावा, अशी माझी संबंधित अधिकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक गॅरेजचालक,
चिपळूण, जि. रत्नागिरी