भाट्याच्या खाडीतल्या त्या तिघींना

परवा अमावास्येच्या ओहोटीला रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीत नातवंडांना घेऊन मुळे काढायला गेले होते. (चिखलातले खायचे शिंपले; मुंबईकर तिसऱ्या म्हणतात, आमच्याकडे मुळे.) तासभर उकरून बादलीत जमले किती, तर ७! त्यातले दोन नुसते चिखलाने भरलेले शिंपले.

पलीकडे तुम्ही तिघी पदर खोचून बसला होता. एकीला राहवलं नाही. उठून आलात, धाकट्याचा हात धरून त्याची बोटं चिखलात फिरवलीत. "खोल नको रे बाबू, वीतभर पण नको. टणक लागला की उचल." अर्ध्या तासात बादली निम्मी भरली. बारके मात्र परत टाकायला लावलेत, आणि तो निमूट टाकत होता. माझं कधी ऐकत नाही.

मग तोच गुडघ्यापर्यंत रुतला. मी ओढतेय, तो आणखी आत जातोय! दुसरीने त्याला मागे रेलायला लावलं, पाय हलवून हलवून सैल केला आणि अलगद बाहेर काढला. चप्पल गेली ती गेलीच. तोवर पाणी फिरलेलं मला कळलंही नव्हतं. तिसरीने आधी आम्हाला कडेला पोचवलं, मग स्वतःची पाटी उचलली.

गडबडीत नावं विचारायची राहिली, आभारही राहिले. ते आज मानते, मनापासून.

मुळे रात्रभर खाऱ्या पाण्यात ठेवले, सकाळी विळीवर उघडून एकशिपी (एका शिंपल्यासकट शिजवलेले मुळे) केली. धाकटा दोनदा भात घेऊन जेवला. पौर्णिमेला पुन्हा येतोय. "त्या आज्या असतील ना?" हे रोज चाललंय.