इंग्रजी उपवाक्यांना मराठी व्याकरणाचा आधार द्यावा

महोदय,
सांगली-मिरजेतील अनेक मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पदबंध (फ्रेज, म्हणजे एकत्र येणारा शब्दसमूह) व गौण उपवाक्य (सबॉर्डिनेट क्लॉज, म्हणजे मुख्य वाक्यावर अवलंबून असलेले वाक्य) यांच्या व्याख्या पाठ करून घेतल्या जातात. परंतु ‘आफ्टर द रेन’ हा केवळ पदबंध असून ‘आफ्टर द रेन स्टॉप्ड’ यात स्वतःचा कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद असल्यामुळे ते उपवाक्य ठरते, हा भेद क्वचितच उलगडून दाखवला जातो. वास्तविक मिश्र वाक्यातील प्रधान आणि गौण वाक्ये हीच मुले मराठीच्या तासाला शिकतात. मात्र मराठीत ‘जेव्हा’पाठोपाठ ‘तेव्हा’ येते, तर इंग्रजीत ‘व्हेन’ एकटे पुरते. त्यामुळे मुले पुढे ‘देन’ जोडतात आणि मातृभाषेच्या सवयीतून आलेल्या या चुकीला निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी हा पाठ एकत्र बसून आखावा, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, विश्रामबाग, सांगली